बटणवाल्या बाई आणि खिडकीतली खुर्ची

आमच्या घरात खुर्ची एकच. बाकीची नुसती बसायची साधनं आहेत. ही खुर्ची खिडकीत असते, तिला दोन्ही बाजूंना हात आहेत, वर गादी आहे आणि समोर अख्खा चौक आहे. चौकात बसथांबा, बेकरी आणि न्हाव्याचं दुकान. त्या दुकानात अर्ध्या गालाला साबण लावलेली माणसं जगाचं पुढे काय होणार ते सांगत बसलेली असतात. या खुर्चीत बसणाऱ्याला टीव्ही लागत नाही म्हणे. 'म्हणे' अशासाठी की तीत आमची ही बसते. मी भिंतीकडच्या स्टुलावर बसतो आणि मला कॅलेंडर दिसतं.

ही काही जुलूमशाही नाही. नीट नियम आहेत. आम्ही दोघं वाचनालयातून एक रहस्यकथा आणतो. सकाळी मी वाचतो, दुपारी ती. तिची खूण केसातली पिन, माझी खूण बसचं तिकीट. खुनी कोण ते जो आधी बरोबर सांगेल, त्याची खुर्ची, पुढचं पुस्तक संपेपर्यंत. आणि शेवटचं प्रकरण कोणी एकट्याने वाचायचं नाही, ते तिने मोठ्याने वाचायचं आणि मी ऐकायचं. नियम मीच केले. लग्न नवीन होतं, अंगात हुशारी होती. तेव्हापासून आजतागायत त्या खुर्चीत मी बसलेलो नाही. ही तिसऱ्या प्रकरणात भाजी निवडता निवडता सांगते, "भाचा." आणि भाचाच निघतो. एकदा तर तिने पुस्तकाचं नुसतं मुखपृष्ठ बघून सांगितलं, "ही परिचारिका दिसतेय ना, हीच." मी त्या परिचारिकेच्या बाजूने पुस्तकभर भांडलो. शेवटी तिने कबुली दिली. परिचारिकेने. मला फार लागलं ते.

तर यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायचं ठरवलं. एक डोळा आधीच कामातून गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन. "नंतर काही दिवस वाचन बंद. आरामात बसून राहायचं," डॉक्टर म्हणाले. बसून राहायचं म्हणजे कशावर, हे त्यांनी सांगितलं नाही. पण माझ्या मनाने घेतलं. ऑपरेशनच्या आधी एक पुस्तक. एकच. एकदा खुनी ओळखायचा आणि उरलेले दिवस खुर्चीत काढायचे. स्टुलावर बसून आंधळा झालो तर समोर कॅलेंडरच आहे हे तरी कोण सांगणार मला?

वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना मी म्हटलं, "असं पुस्तक द्या की हिला ओळखता येणार नाही."

"आजोबा, हे न्या," त्या म्हणाल्या. त्या मला आजोबा म्हणतात. त्यांचं वय बघता मी फार तर थोरला भाऊ शोभेन, पण ते असो. "यातल्या बाईंना दिसतं."

"कोणाला दिसत नाही?"

"तसं नाही हो. बटणांचं दुकान आहे त्यांचं. बटण हातात धरलं की तो कोट कुठे कुठे गेला ते त्यांना दिसतं. पोलीस त्यांच्या दुकानात येऊन बसतात."

मी पुस्तक घरी आणलं. समुद्रकाठचं गाव, गावात सगळे एकमेकांना केक नेऊन देतात, आणि पहिल्याच प्रकरणात एक निवृत्त कप्तान चहाच्या टेबलावर मरून पडतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही, बशीसुद्धा फुटत नाही. अशी स्वच्छ पुस्तकं मला आवडतात. बटणवाल्या बाई येतात, कप्तानाच्या कोटाचं बटण चिमटीत धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "मला एक बंद दार दिसतंय."

दुपारी हिने तेवढंच वाचलं आणि पुस्तक पालथं टाकलं.

"हे काय हो? हात लावला की कळतं? मग विचार कोणी करायचा?"

"त्यांना शक्ती आहे."

"शक्ती आहे तर पहिल्याच पानावर सांगून टाकावं ना. बंद दार कसलं दिसतंय? माझ्याही स्वयंपाकघराला आहे बंद दार. त्याची बिजागरी तेवढी दुरुस्त करा."

ती चिडली होती आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. लग्नानंतर प्रथमच तिच्या हातात असं पुस्तक आलं होतं, ज्यात अकलेचा काही उपयोग नव्हता. म्हणजे आता सामना बरोबरीचा होता.

तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मी पुस्तक मिटलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. डोक्यात पहिलं आलं ते बोललो, "घड्याळजी."

"कोण, तो म्हातारा?" ही म्हणाली. "तो बिचारा एका पानावर आलाय, तेही कप्तानाच्या घड्याळाला किल्ली द्यायला."

"माझं नाव नोंदव. घड्याळजी."

"नोंदवलं. माझा डॉक्टर."

दोन दिवसांनी ती म्हणाली, "डॉक्टर नको. पुतण्या." मी स्टुलावरून पडता पडता राहिलो. हिने नाव बदललं! परिचारिकेच्या वेळी, भाच्याच्या वेळी, एवढ्या वर्षांत कधी बदललं नव्हतं. पुढे ती पुतण्यावरूनही उतरली आणि नुसतीच खिडकीबाहेर बघत बसू लागली. चहात साखर दोनदा पडू लागली. मी ती चहासकट विजयाची चव म्हणून प्यायलो.

हे सगळं मी खालच्या पोस्टमास्तरांना सांगितलं, ती पहिली चूक. पोस्टमास्तर निवृत्त होऊन जमाना झाला, पण सल्ला वाटायचं काम त्यांनी सोडलेलं नाही. शिवाय ते मधूनमधून हसून दात दाखवतात आणि म्हणतात, "बघा. सगळे माझे स्वतःचे. एकही पडलेला नाही."

"शक्ती आहे तर सराव ठेवा," त्यांनी बजावलं. "टायपिंगसारखं असतं ते. बोटं आखडली की गेलं. घ्या, माझ्या छत्रीला हात लावून सांगा बघू."

मी जिन्याखालच्या बाकावर त्यांची छत्री धरली, डोळे मिटले आणि बटणवाल्या बाईंच्या आवाजात म्हणालो, "ही छत्री दुःखी आहे. हिला घरी जायचंय."

नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिना उतरत होते. ते थांबले. "अहो, ही माझीच छत्री! मूठ बघा, मीच बदलून घेतली होती."

पुढे झालं ते सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर सांगतो. पोस्टमास्तर म्हणाले, छत्र्या बदलतातच. डॉक्टर म्हणाले, मग माझ्याकडे तुमची का नाही आली? भांडण रंगलं, पण माझं नाव झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक दाराशी येऊ लागले. कोणाची किल्ली, कोणाचं कानातलं, कोणाचा चष्मा. चष्मे सोपे असतात, बहुतेक वेळा डोक्यावरच असतात. किल्ल्या कालच्या पँटमध्ये. मी फक्त डोळे मिटायचो, थोडं गुणगुणायचो आणि म्हणायचो, "कापड दिसतंय." लोक धावत घरी जायचे आणि हसत परत यायचे. मी काहीच करत नव्हतो, आणि ते लोकांना फार पटत होतं.

मग डॉक्टर रुमालात गुंडाळून एक कवळी घेऊन आले.

"काका, ही जिन्याखालच्या बाकावर सापडली. आपल्याच इमारतीतली कोणाची तरी आहे. माझ्याकडची नाही. जरा हात लावून सांगता?"

आता बटण वेगळं आणि कवळी वेगळी. पण भोवती माणसं जमली होती, सोसायटीचे सेक्रेटरीही होते. माघार घेणं शक्य नव्हतं. मी ती कवळी तळहातावर घेतली. ती हसत होती. मी डोळे घट्ट मिटले आणि सुचेल ते बोललो, "हा माणूस... उपदेश फार करतो."

मी डोळे उघडले तर सगळे एकाच दिशेला बघत होते. पोस्टमास्तर भिंतीला टेकून उभे होते. ओठ असे घट्ट मिटलेले, जणू तिकीट चिकटवलंय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून हा माणूस एक अक्षर बोललेला नाही.

त्यांनी पुढे येऊन माझ्या तळहातावरून कवळी उचलली, पाठ फिरवून बसवली, वळले आणि म्हणाले, "मित्र म्हणून शक्ती दाखवा म्हटलं होतं, मित्रावर नव्हे." आणि गेले. एवढं सुस्पष्ट वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी फलकावर सेक्रेटरींची सूचना लागली: 'सभासदांनी एकमेकांच्या वस्तूंना विनापरवानगी हात लावू नये. कोणास काही दिसल्यास प्रथम कार्यालयास कळवावे.'

त्याच दिवशी पुस्तकातला घड्याळजी मेला.

मी सकाळी वाचत होतो आणि मध्येच पान आलं. घड्याळजी दुकानात, टेबलावर डोकं टेकून, सगळी घड्याळं चालू आणि तो बंद. माझा खुनी! ज्याच्यावर मी इभ्रत लावली, तो स्वतःच जाऊन बसला बळींच्या रांगेत. हिने दुपारी ते वाचलं आणि खुर्चीतून नुसतं माझ्याकडे बघितलं.

"बोल," मी म्हटलं.

"मी काय बोलू? तुमच्या खुन्याच्या आत्म्याला शांती लाभो."

"तुझं नाव सांग ना मग. कोण?"

"सांगीन." पण सांगितलं नाही. बाहेर बघत राहिली.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि परत करायची तारीख आली. मी मुदत वाढवायला वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आजोबा, मुदत वाढणार नाही. दुसऱ्या सभासदाची मागणी आहे."

"एकच प्रकरण राहिलंय हो."

"मागणी असेल तर पुस्तक जमा. नियम आहे."

"कोणाची मागणी?"

"तेही सांगता येत नाही. नियम आहे."

"मग इथेच उभ्या उभ्या वाचतो."

"वाचनकक्ष दुपारी बंद असतो."

मी त्यांना समजावलं की माझं ऑपरेशन आहे, माझा संसार आहे, माझ्या आयुष्यात मला एकदाच घड्याळजी सुचलाय. त्यांनी पुस्तक हातातून हळूच काढून घेतलं. रुग्णाच्या हातातून चाकू काढून घेतात, तसं. खुणेचं माझं तिकीट मात्र त्यांनी परत दिलं. पिनसुद्धा दिली.

घरी येऊन मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "अरेरे." तेवढंच. पुस्तक संपलं नाही म्हणजे निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणजे खुर्ची जिथे होती तिथेच. मी नियम केले तेव्हा ही शक्यता माझ्या डोक्यात आली नव्हती.

पुस्तक कोणी नेलं, यात मला शंका नव्हती. सूड, कवळी, सगळं जुळत होतं. मी पोस्टमास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो, हात पुढे करून.

"पुस्तक द्या. मला दिसतंय, ते तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे?" ते म्हणाले. "मी आयुष्यात खोट्या खुनांची पुस्तकं वाचलेली नाहीत. मी चरित्रं वाचतो. या, बघा."

मी त्यांच्या घरभर हात लावत फिरलो. कपाट, पलंग, धुण्याची टोपली. मला फक्त चरित्रं दिसली. मग मी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी संधी साधून माझी दाढ बघितली. मग तिसऱ्या मजल्यावर, मग सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींनी मला फलकापाशी नेलं आणि माझ्याकडून ती सूचना मोठ्याने वाचून घेतली. "पहिलं अक्षर चुकलं," ते म्हणाले. डोळ्यांनी साथ सोडली होती आता. जिन्यात मुलं म्हणू लागली, "आजोबा सगळ्यांचं शोधतात, त्यांचंच हरवलंय."

याच दिवसांत हिने नवीन तक्रार काढली.

"अहो, माझे पाय लोंबकळतात."

"कुठे?"

"खुर्चीत. जमिनीला टेकत नाहीत. पोटऱ्या भरून येतात."

म्हातारपणी माणसं उंचीने कमी होतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मला वाईट वाटलं. मी माझं स्टूल उचललं आणि तिच्या पायाखाली सरकवलं. मी स्वतः कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीवर बसू लागलो. तिला झाकण आहे आणि झाकणाला कडी आहे. कडी कुठे येते हे सांगत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ही डोळ्यांत घालायचे थेंब आणायला बाहेर गेली. घरात मी एकटा. समोर रिकामी खुर्ची. मी म्हटलं, निकाल गेला खड्ड्यात. उद्या डोळ्यात काय काय घालणार आहेत देव जाणे. एकदा त्या खुर्चीतून चौक बघून घेतो.

मी इकडेतिकडे बघितलं, स्टूल बाजूला सारलं आणि बसलो.

आणि उठलो. पुन्हा बसलो. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते! एका सकाळीत मी तर खुजा झालो नव्हतो ना? मी गादीखाली हात घातला. बटणवाल्या बाईंची शपथ, यावेळी हात लावल्याबरोबर मला दिसलं. पुस्तक. त्यात केसातली पिन, शेवटच्या प्रकरणाच्या शेवटच्या पानात. पुस्तकाखाली तिच्या मासिकांचा गठ्ठा, वरून जाडजूड घडी घातलेली शाल. पुस्तक जाणवू नये म्हणून रचलेला अख्खा डोंगर. वाचनालयात तिचं स्वतःचं सभासदत्व आहे, मासिकांसाठी. मला आठवलं ते आत्ता.

इमारतभर हात पसरून मी जे शोधत होतो, त्यावर ती बसली होती, आणि पाय ठेवायला स्टूल मी दिलं होतं.

मी भिंग आणलं आणि शेवटचं प्रकरण एकट्याने वाचलं. नियम मोडला. पण घरात नियमांची अवस्था आता फलकावरच्या सूचनेसारखीच होती. बटणवाल्या बाई घड्याळजीच्या कोटाचं बटण धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "कप्तानाला मारलं ते यानेच. आणि याला मारलं ते कप्तानाच्या बहिणीने." घड्याळजी! माझा घड्याळजी! मेला होता, पण खुनी होता. मी खुर्चीत बसून रडलो. मोतीबिंदूमुळे रडू नीट बाहेरही पडेना.

दार उघडलं. ही थेंबांची बाटली घेऊन उभी. तिने मला बघितलं, मांडीवरचं पुस्तक बघितलं.

"उठा," ती म्हणाली. "वाचनालयाचं आहे. भिजेल."

"घड्याळजी होता."

"माहीत आहे."

"मी तिसऱ्या प्रकरणात सांगितलं होतं."

"डोळे मिटून सांगितलं होतंत. ते काही ओळखणं नव्हे. डोक्याने ओळखलं असतंत तर मी स्वतः उठले असते."

मग मला जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं. "आणि आधीची सगळी? भाचा, परिचारिका? तीही गादीखालूनच?"

"काय बोलता हो! ती सगळी डोक्याने. हे एकच."

"कशावरून?"

तिने हात पुढे केला. "लावून बघा. तुम्हाला दिसतं ना."

मी तिचा हात धरला. आणि खरं सांगतो, मला बंद दार दिसलं नाही, कोट दिसला नाही. हात फक्त गार होता. बर्फासारखा.

"तारीख ठरल्यापासून एक पान डोक्यात शिरत नाही," ती म्हणाली. "पान उलटलं की मागचं विसरते. पुतण्या कोणाचा तेच कळेना. सारखं मनात येतं, तुमचा हा डोळाही गेला तर? मग मी कोणाला हरवू?" आणि मग लगेच, आवाज मूळ पदावर आणून, "बसा आता. जिंकलात ना. पेटीवर बसून ऑपरेशनला गेलात तर डॉक्टर मला विचारतील."

तर खुर्ची मला मिळाली.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी आली. दुसऱ्या डोळ्याने मला चौकात फक्त दोन रंग दिसतात, एक उजेड आणि एक बस. न्हाव्याकडची माणसं बोलताना ऐकू येतात, साबण कोणत्या गालावर आहे ते कळत नाही. पोस्टमास्तर येऊन बसतात. आमचं पुन्हा जमलंय. ते पट्टीकडे बघून सल्ला देतात. हिच्या हातचा चहा पितात आणि बिस्कीट मात्र बुडवून खातात. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ही स्टुलावर बसून मला नवं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. पूर्वीसारखं कडक रहस्य, यात कोणाला काही दिसत नाही. तिसऱ्या प्रकरणात ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "माळी." मी म्हणालो, "वकील." आवाज ठणठणीत होता तिचा. मला बरं वाटलं, आणि मग लगेच वाईट वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलंय, पट्टी उद्या निघणार. उद्या सकाळी मला चौक दिसेल. बेकरीची पाटी, बसथांब्यावरच्या माणसांचे चेहरे, साबण कोणत्या गालावर आहे तेही.

आज दुपारी तिने शेवटचं प्रकरण वाचलं. माळी निघाला.

तिने वाचलं तेच छापलेलं होतं का, हे बघायला मला डोळे नव्हते. मी म्हटलं, "दे इकडे." पुस्तक मांडीवर घेतलं, त्यावर तळहात ठेवला आणि आहे तो डोळा मिटला. बराच वेळ धरून बसलो.

"काही दिसलं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग उठा," ती म्हणाली, आणि मला उठायला हात दिला. हात गरम होता.